मुक्काम

देवाला निघालेला माणूस आधी मुक्कामाची चौकशी करतो. त्यात गैर काही नाही. देव कुठे जात नाही. खोली मात्र जाते. पंढरपूर असो की नरसोबाची वाडी, पायांवरची धूळ झटकायच्या आत 'राहायचे कुठे?' हा प्रश्न समोर उभा राहतो, आणि तो सुटेपर्यंत दर्शनात मन लागत नाही. जंगलाच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच बिकट होतो; कारण ज्याच्या दर्शनाला जायचे, तो तिथे जागेवर असेलच असे नाही. वाघ नाही तर नाही, निदान खोली तरी बरी मिळावी, असा एक व्यवहारी विचार आपल्या मध्यमवर्गीय मनात कायम दबा धरून बसलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत चांदोलीला जायचे आमच्या घरी ठरले. चांदोली कोल्हापूरहून मोटारीने अडीच-तीन तासांवर. वारणेच्या धरणाच्या वरच्या अंगाला, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सांध्यावर हे रान पसरले आहे. १९८५ साली ते अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली कोयनेच्या अभयारण्याला जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. इतक्या बढत्या आमच्या कॉलेजात कोणाला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

जायचे ठरले पाच मिनिटांत. राहायचे कुठे, याला पंधरा दिवस लागले. पुण्याच्या मेहुण्यांनी फोनवर छायाचित्रांचा वर्षाव केला. एका छायाचित्रात निळाशार पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या मागे, चित्रकलेच्या परीक्षेत काढावे तसे, गुळगुळीत हिरवे जंगल. रात्री शेकोटी, शेकोटीला गाणी, सकाळी खोलीत चहा. सौ.ला मात्र चादरींची काळजी होती. दुसऱ्याने वापरलेल्या पांघरुणाविषयी तिची मते इतकी ठाम आहेत की, लग्नानंतर पहिल्यांदा महाबळेश्वरला गेलो तेव्हा आमच्याबरोबर घरची वळकटी होती. मुलीला तंबू हवा होता. आईने एवढेच विचारले, "संडास घराला लागून आहे का?" सत्तरी ओलांडली की माणूस प्रवासाच्या मुळाशीच हात घालतो.

मला स्वतःला हवा होता रानाच्या मधोमध असलेला बंगला. कौलारू, रुंद व्हरांड्याचा, वेताच्या खुर्च्यांचा. याचे कारण दाजीपूर.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडील आम्हांला दाजीपूरला घेऊन गेले होते. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले. त्याच्या पलीकडे, फोंडा घाटाच्या माथ्यावर ते गच्च रान. एके काळी संस्थानच्या शिकारीचे. १९५८ साली गव्यांसाठी ते अभयारण्य म्हणून राखले गेले. (हल्ली गवा पाहायला कोल्हापूरकराने इतके लांब जायचे कारण उरलेले नाही, तोच अधूनमधून शहराच्या वेशीपर्यंत येऊन आम्हांला पाहून जातो.) वडील कारकून. तिथल्या विश्रामगृहातली खोली मिळावी म्हणून त्यांनी तीन अर्ज केले होते, आणि परवानगीचा कागद प्रवासभर सदऱ्याच्या आतल्या खिशात जपला होता. रात्री कंदील मालवल्यावर खिडकीखाली कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला. मी वडिलांचा हात धरला. ते म्हणाले, "गवा आहे. त्याला झोपू दे, तूही झोप." पुढे मी पुष्कळ ठिकाणी राहिलो, चांगल्या हॉटेलांतही राहिलो, पण इतकी चांगली झोप मला फारशी कुठे लागली नाही.

तेव्हा चांदोलीलाही आतच मुक्काम करायचा, या हट्टाने मी चौकशीला लागलो. चौकशीत कायदा हाती लागला. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आपण एकाच दमात उच्चारतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोहोंत चांगलाच फरक केला आहे. अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते राहत नाहीत. गुरेसुद्धा चारता येत नाहीत. आणि व्याघ्र प्रकल्पांपुरते बोलायचे, तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभ्याच्या भागातले पर्यटन काही महिने बंदच ठेवले होते. ते पुन्हा सुरू झाले ते नव्या नियमांनिशी: गाभ्यात पाहुण्यांसाठी नवे बांधकाम करायचे नाही, जे आहे तेही हळूहळू आवरते घ्यायचे.

तरीही सगळीकडे सारखे नाही. कॉर्बेटच्या अरण्यात, म्हणजे १९३६ साली झालेल्या आपल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात, ढिकाला येथे रानाच्या मध्यभागी मुक्काम करता येतो, आणि त्या खोल्यांसाठी लोक जीव टाकतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १८७२ साली ते जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मूळ रहिवाशांना पुढच्या काही वर्षांत बाहेर काढण्यात आले. आणि १९०४ साली त्याच उद्यानात, ओंडके रचून बांधलेले एक भव्य हॉटेल पाहुण्यांसाठी उघडले. राहणारे गेले आणि मुक्कामाला येणारे आले.

हे सगळे मी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याला मोठ्या रसाने सांगत होतो. दाराशी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वही घेऊन उभा होता. मुलगा अबोल, निबंध चांगले लिहितो, फक्त ऱ्हस्वदीर्घाशी त्याचे जन्माचे वैर आहे. सहकारी तासाला गेल्यावर तो म्हणाला,

"सर, आत राहायला मिळत असतं, तर आमचं गाव कशाला उठलं असतं?"

तो रागाने बोलला नाही. एखादी बेरीज चुकली तर आपण दाखवून देतो, तसे त्याने ते सांगितले. प्रवेशअर्जावर त्याचा पत्ता हातकणंगले तालुक्यातल्या एका वसाहतीचा आहे, हे मला ठाऊक होते. वसाहत म्हणजे धरणामुळे आणि अभयारण्यामुळे उठवलेल्या लोकांची. चांदोलीच्या रानातली कितीतरी गावे अशी खाली सपाटीला आली, आणि ठरलेली जमीन पदरात पडावी म्हणून पुढे वर्षानुवर्षे मोर्चे काढीत राहिली. त्याच्या गावाचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याने ते स्वतः पाहिलेले नाही. त्याचा जन्म वसाहतीतला.

"आत्याकडं जावा," तो म्हणाला. "तिचं सासर गेटाच्या अलीकडं हाय, ते उठलं न्हाई. ती पाहुणे ठेवून घेती. पैसे घेती, पण मोजत न्हाई."

घरी मी हा बेत मांडला तेव्हा मेहुण्यांच्या तलावाची बाजू घेऊन थोडी चकमक झाली. मी माझी बाजू फार जोराने मांडली असे नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाही स्पष्ट दिसत होती आणि आजही दिसते. आपण जिथे उतरतो तिथली माणसे आपल्याला रान दाखवतात. तलावाकाठच्या खोलीतून दिसणारे रान कोणाचेच नसते. माझ्या लाडक्या बंगल्याच्या व्हरांड्यातून जे दिसते ते साहेबाचे. तिसरे रान पाहायचे असेल, तर ते सोसणाऱ्याच्याच ओसरीवर जाऊन बसायला हवे. अखेर निर्णय आईने दिला. आत्याला फोन करून तिने आपला एकमेव प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून म्हणाली, "चालेल."

संडास घराला लागून नव्हता. पण अंगणातच होता, आणि त्यात दिवा होता.

कोकरूड, शेडगेवाडी, आरळा अशी गावे मागे टाकीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. भाताची कापणी चालू होती. सारवलेल्या अंगणात पेंढ्यांची रास, कोपऱ्यात म्हैस, आणि घरभर नव्या भाताचा वास. आत्या साठीच्या आसपासची, काटक, भराभर बोलणारी. मला 'मास्तर' म्हणाली, आईला 'आक्का'. रात्री तिने नाचणीच्या भाकरी आणि सुक्या माशांचे कालवण वाढले. आईसाठी निराळी पावट्याची उसळ. मग झोपायची तयारी झाली आणि तिने प्रत्येकापुढे एकेक वाकळ ठेवली.

मी सौ.कडे पाहायचे टाळले. वळकटी या वेळी बरोबर नव्हती. ती बराच वेळ वाकळेवरून हात फिरवीत राहिली आणि म्हणाली, "टाके किती बारीक आहेत हो!" आत्या खुलली. एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागली: हे माझ्या आईचं लुगडं, हे थोरल्या भावजयीचं, हे आज्जीचं, तिच्या तेराव्यानंतर फाडलेलं. माहेर उठायच्या आधीच्या उन्हाळ्यात आईने ही वाकळ शिवून तिच्याकडे पाठवली होती. सौ. त्या रात्री तीच वाकळ पांघरून झोपली. याविषयी तिने नंतर काही भाष्य केले नाही, मीही विचारले नाही.

आई आणि आत्या मात्र अंधारात बोलत पडल्या होत्या.

"भाऊबीजेला गेला होता का?" आईने विचारले.

"गेले की. वसाहतीत. भाऊ हाय, भावजय हाय, पक्कं घर हाय, नळ हाय." थोडा वेळ काही ऐकू आले नाही. "वाट तेवढी उलटी झाली बघा आक्का. पयलं माहेरला वर चढून जायाची. आता एस.टी.नं खाली जाते."

मध्यरात्री डबे वाजू लागले. आत्याचे यजमान आणि मुलगा शेतातल्या माळ्यावर राखणीला होते, त्यांच्याकडे गवे उतरले होते. मुलगी ताडकन उठून दारात गेली. एका शेतातून दुसऱ्या शेतात हाळ्या गेल्या, विजेऱ्यांचे झोत फिरले, पत्र्याचे डबे, थाळ्या, तोंडाने हाकारे. आणि मग काहीतरी जड असे ओढ्याकडे धडधडत गेले. सकाळी यजमान आले ते तांबारलेल्या डोळ्यांनी. कापायचे राहिलेले दोन वाफे आडवे झाले होते. त्यांना पंचनाम्यासाठी अर्ज करायचा होता. मी मराठीचा प्राध्यापक आहे असे कळल्यावर त्यांनी तो माझ्याकडून लिहून घेतला. माझ्या पदवीचा इतका सरळ उपयोग क्वचितच झाला असेल.

जीप दाराशी आली तेव्हा आई आत्याला म्हणाली, "चला ना आमच्याबरोबर. एक जागा रिकामी आहे."

"तिकीट असतंय न्हवं?"

"असतं. आम्ही काढू."

आत्या हसली. "तिकीट काढून माहेरला?" मग हात झाडून म्हणाली, "म्हशीचं कोण बघंल? तुमी जावा. शाळेच्या जोत्यामागं एक फणस हाय, कापा. हाय का बघा तेवढं."

आत जे पाहिले त्याचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण सगळ्यांना दिसते तेच आम्हांला दिसले: धुके, धरणाचे पाणी, उंच गवताचे सडे, लांबवर सांबरांची एक टोळी. वाघ दिसला नाही. (त्यानंतर २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण इथे आणली, तेव्हा आता खोल्यांचे भाव चढतील.) वाटाड्या जवळच्याच गावचा. एका मोठ्या गवताळ उतारावर त्याने जीप थांबवली आणि सांगितले की, हे सगळे पूर्वीचे भाताचे आणि नाचणीचे तुकडे. माणसे गेल्यावर गवत आले, गवतावर गवे-सांबरे आली. वाघाला यायचे तर त्यांच्याच मागून यायचे. जुने गाव कसे ओळखायचे, असे मुलीने विचारले. तो म्हणाला, "आंबा-फणस एका ठिकाणी दिसले की समजायचं, हितं चुली होत्या."

आत्याचे गाव त्याच वाटेवर होते. जांभ्या दगडाची दोन जोती, त्यांत उगवलेली कारवी आणि मागे फणस. खूप मोठा. बुंध्यापासून वर फांदीपर्यंत अस्वलाच्या नखांचे ओरखडे, काही जुने काळे, काही ताजे. मुलीने खाली पडलेले एक पान उचलले. वाटाड्या सौम्यपणे म्हणाला, "न्यायचं न्हाई बेटा. इथलं काहीच न्यायचं नसतं." तिने ते पुन्हा मुळाशी ठेवले.

आम्ही परतलो तेव्हा आत्या म्हशीची धार काढीत होती. चरवीतली धार न थांबवता तिने विचारले, "हाय?"

"आहे," आई म्हणाली. "अस्वल चढतं त्यावर."

"चढू दे. भाऊबी लई चढायचा," आत्या म्हणाली, आणि मुलीला हाक मारून गरम दुधासाठी पेला आणायला आत पाठवले.