वैभववाडी आणि डॅगरफॉल

आज आपल्याला दोन मुलखांत भटकायचंय. पहिला मुलूख आपल्या वैभववाडीचा. सिंधुदुर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो; पण या तालुक्याला किनाराच नाही! कोकण रेल्वेच्या 'वैभववाडी रोड' स्टेशनात उतरा, पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट ती चढून गगनबावड्याला जातात. तिथंच गगनगड. पावसाळ्यात घाटात असं धुकं दाटतं, की पुढचं वळण दिसत नाही. नापण्याचा धबधबा तर बारा महिने वाहतो.

वाडीत शिरलात, की एखादी आजी हमखास विचारणार, "कोणाचो रे तू?" एका वाडीची खूण ओढ्यावरचा साकव, दुसरीची जुना वड. एक वाडी दुसरीसारखी नाही.

आता दुसरा मुलूख. तो आहे संगणकात! अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीनं १९९६ साली 'डॅगरफॉल' नावाचा खेळ काढला. (खेळ मोठ्यांसाठीचा आहे, बरं का, आपण फक्त त्याची गोष्ट ऐकायची.) त्यात आपणच एक पात्र व्हायचं, योद्धा, चोर नाहीतर जादूगार, आणि वाटेल त्या दिशेला निघायचं. मुलूख केवढा? सिंधुदुर्गासारखे तीसएक जिल्हे त्यात सहज मावतील! गावं, देवळं, भुयारं मिळून १५,००० च्या वर ठिकाणं.

एवढं सगळं हातानं कोण काढणार? म्हणून निर्मात्यांनी नियम ठरवून दिले आणि बरीचशी मांडामांड संगणकाकडून करून घेतली. भुयारं तर तयार ठोकळे जोडावेत तशी जोडली. त्यामुळे झालं काय, की दहा गावं पाहिली तरी अकरावं त्यांच्यासारखंच. माणसंही ठरावीक वाक्यं बोलणारी. "कोणाचो रे तू?" विचारणारी आजी तिथं कुठली! शिवाय चुका ढीगभर. भुयारात चालता चालता जमीनच नाहीशी व्हायची आणि आपला वीर काळ्याकुट्ट पोकळीत धाडकन पडायचा! काही कामगिऱ्या तर पुऱ्याच व्हायच्या नाहीत. कंपनीला मागाहून दुरुस्त्या पाठवाव्या लागल्या.

मग काय, खेळणाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणे, "असं मोकळं रान आजवर कुणी दिलं होतं का?" दुसरा म्हणे, "अर्धकच्चा माल का विकता?" खरं कोण बोलत होतं? दोघंही! पैसे साठवून घेतलेला खेळ मध्येच अडकला, तर राग येणारच. २०२० साली 'सायबरपंक २०७७' या पोलंडच्या खेळाचंही असंच झालं. चुका इतक्या, की सोनी कंपनीनं तो काही महिने आपल्या दुकानातून काढून टाकला. पुढं तो सुधारला, पण आधी गिऱ्हाइकांचा विश्वास गेलाच ना!

पण मोठं काही करून पाहणाऱ्याला नुसतं हसून चालत नाही. बेथेस्डानं पुढं २००२ साली 'मॉरोविंड' हा खेळ काढला, तो एका बेटापुरता. पण या वेळी मुलूख हातानं घडवलेला. आणि डॅगरफॉल? कंपनीनं तो २००९ मध्ये फुकट दिला. त्याच्या चाहत्यांनी, एक पै न घेता, तो नव्या संगणकांसाठी पुन्हा उभा केला. कित्येक वर्षं खपून २०२३ च्या अखेरीस त्यांनी त्याची पहिली पक्की आवृत्ती आणली. खेळ नुसताच वाईट असता, तर एवढे कष्ट कुणी घेतले असते?

म्हणून एखाद्या खेळाला, नाटकाला, अगदी मित्राच्या चित्रालाही 'छान' किंवा 'टुकार' असा एका शब्दाचा शेरा मारू नका. काय आवडलं आणि काय बिघडलं, दोन्ही सांगा.

आणि या सुट्टीत एक करा. तुमच्या वाडीचा नकाशा काढा. साकव, विहीर, देऊळ, वड, आजीचं अंगण, सगळं त्यात आलं पाहिजे. एका वाडीला किती वेळ लागतो ते बघा, म्हणजे पंधरा हजारांचं काम कळेल!