हार, जीत आणि एकोणीस दिवस

करंजा बंदरावरील आम्हां मुलांस फुटबॉलचा मोठा नाद आहे. म्हणूनच मुंबई सिटी या व्यावसायिक संघाचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो. २०१४ सालीं, पहिल्या हंगामांत, नेरूळच्या मैदानावर घरचे सामने खेळणारा हा संघ आठ संघांत सातवा आला. दुसऱ्या हंगामांत गोव्यानें त्यास ७-० असें हरविलें. २०१६ सालीं साखळींत पहिला येऊनही चषक हुकला, आणि पुढील हंगामांत संघ पुनः सातव्या स्थानीं घसरला. अखेर २०२१ सालीं साखळीची ढाल व चषक दोन्ही हातीं आलीं.

परंतु आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें २०२४ साल. १५ एप्रिलला कोलकत्यांत साखळीचा शेवटचा सामना होता. ढालीसाठीं बरोबरीही पुरेशी होती. पण मोहन बागाननें २-१ असा विजय मिळवून ती हिरावून घेतली. एकोणीस दिवसांनीं, ४ मे रोजीं, त्याच मैदानावर त्याच प्रतिस्पर्ध्यास ३-१ असें नमवून मुंबईनें चषक जिंकला.

एका फेरीस जाळें रिकामें आलें म्हणून आमचा कोळी होडी विकीत नाहीं. जाळें सांधून तो पुनः समुद्रावर जातो. सहामाहींत मागें पडलेल्या बंधुभगिनींनो, वार्षिक परीक्षा अद्याप व्हावयाची आहे!