डाव्या सीटवरून

"काका, खरं सांगा. मीटर मागे घेतलंय का?"

जुन्या गाड्या घेणारा तो मुलगा अर्धा तास आमच्या वॅगन-आरभोवती फिरत होता. टायरवरची तारीख बघून झाली. दाराच्या रबराखाली नख घालून रंग मूळचाच आहे ना ते तपासून झालं. चटया उचलून गंज शोधून झाला. मग त्याने किल्ली फिरवली आणि आकड्याकडे बघत बसला. ५८,७४०. गाडी २०१३ च्या दसऱ्याला घेतलेली, म्हणजे बारा वर्षांची. "बारा वर्षांत साठ हजारसुद्धा नाही? घेणारा विश्वास ठेवणार नाही काका. मीच ठेवत नाही."

गाडी विकायचं डोक्यात आलं ते नंबरप्लेटमुळे. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे रक्कम काही फार नाही. सरकार मुदत वाढवत राहिलं, मीही उद्यावर ढकलत राहिलो. अशाच एका उद्याला वाटलं, जी गाडी मी चालवतच नाही तिला प्लेट, विमा, पीयूसी, धुणाऱ्याचे महिन्याचे पैसे हवेत कशाला? एजंटला फोन केला. घरात विचारलं नाही, हे इथेच कबूल करतो. म्हणजे सांगितलं होतं, "उद्या एकजण गाडी बघायला येणार आहे." त्यालाच मी विचारणं समजत होतो.

मीटरबद्दल मात्र माझ्याकडे पुरावा होता. डॅशबोर्डच्या खणातून मी डायरी काढली. एका सहकारी बँकेची खिशात मावणारी डायरी, कोपरे चहाच्या रंगाचे झालेले, मधे बॉलपेन अडकवलेलं. पेट्रोल भरलं की तिथेच, पंपावरून गाडी पुढे घेऊन, मी लिहितो: तारीख, मीटर, लिटर, भाव, अ‍ॅव्हरेज. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हाच्या नोंदीखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. ही खोड वडिलांची. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात आणि पंक्चरचे, ट्यूबचे, महापालिकेच्या बिल्ल्याचे पैसेसुद्धा लिहून ठेवत. त्या काळी पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट घेतली तर पोलीस धरायचा. वडिलांना एकदा डबलसीटसाठी धरलं होतं. मागे मी होतो.

त्या मुलाने डायरी चाळली. पहिल्या दहा वर्षांबद्दल त्याचं समाधान झालं. कोथरूड ते स्टेशनजवळचं ऑफिस आणि परत, दिवसाला अठरा किलोमीटर, मधे करोनाची दोन वर्षं जवळजवळ कोरी. हिशेब जुळत होता. मग त्याचं बोट एका पानावर थांबलं.

"काका, हे काय? २९ जुलै २०२३ ला ४६,३१०. त्याच्या खालची ओळ थेट २० ऑक्टोबर २०२४. ५२,०९०. मधले पावणेसहा हजार किलोमीटर गाडी पेट्रोलशिवाय चालली?"

मी पान हातात घेतलं. पंधरा महिने, एक नोंद नाही. मी काही बोलायच्या आत बायको जिन्यावरून खाली आली. तिची दुपारची शाळा असते. तिने डिकी उघडली, आतून तिच्या आईचा वॉकर काढून भिंतीला टेकवला, डिकी लावली.

"ते माझे," ती म्हणाली आणि अ‍ॅक्टिव्हा काढून निघून गेली.

२९ जुलै २०२३ ही तारीख मला नीट आठवते, कारण मी ती मित्रांना बऱ्याचदा सांगितलेली आहे. तो शनिवार होता. मंगळवारी, १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीच्या दिवशी, वनाजची मेट्रो गरवारे कॉलेजच्या पुढे रुबी हॉलपर्यंत सुरू झाली. आधीचं जवळजवळ दीड वर्ष ती वनाज ते गरवारे एवढीच धावत होती आणि लोक मुलाबाळांना घेऊन नुसतं बसायला जात होते. आता ती पुणे स्टेशनला जाणार होती. आमच्या घरापासून आनंदनगरचं स्टेशन सात मिनिटं. तिकीट तिसाच्या आत. टाकी भरलेली गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली आणि मी गाडी सोडली.

लोक कारण विचारतात, आणि माझ्याकडे माणूस बघून द्यायची कारणं तयार असतात. ऑफिसात सांगतो, पार्किंग मिळत नाही. लेकीच्या मैत्रिणींसमोर प्रदूषण. भावाला सांगितलं, पैसे वाचतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्री चालवताना जपा म्हटलं होतं, तेही एक-दोनदा वापरलं. यातलं कुठलंच खोटं नाही. पण मेट्रो नसती तर या चारही कारणांसकट मी गाडी चालवतच राहिलो असतो. आमच्या ऑफिसातला एकजण उंड्रीला राहतो. त्यालाही हीच कारणं आहेत, माझ्याहून जास्तच आहेत, आणि तो रोज दीड तास गाडीत बसतो. त्याच्यासमोर मी माझं मेट्रोपुराण लावत नाही. एकदा लावलं होतं. तो म्हणाला, "तुझं घर मला दे, मी पण सोडतो."

पाचवं कारण कुणाला सांगितलेलं नाही. २०१९ सालची गोष्ट. कर्वे रस्त्यावर मधोमध मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, उरलेल्या रस्त्यात बस, रिक्षा, दुचाक्या आणि आम्ही. मला साडेनऊच्या मीटिंगला उशीर झाला होता. डाव्या कडेला एक म्हातारा गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी, आणि दुसरा हात वर केलेला. पुण्यात रस्ता ओलांडणारा माणूस असा हात करतो. थांबा म्हणून हुकूम देणारा हात नसतो तो, विनंतीचा असतो. त्यांनी एक पाऊल टाकलं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. टक् असा आवाज झाला आणि माझा डावा आरसा काचेकडे दुमडला. पिशवीला लागला की कोपराला, मला माहीत नाही. आरसा दुमडलेला असल्यामुळे त्या बाजूचं मागचं दिसत नव्हतं. मधला आरसा होता, पण त्यात मी बघितलं नाही. पुढच्या सिग्नलला हात लांब करून डावा आरसा सरळ केला. त्यात एक पीएमपीची बस दिसत होती, बाकी काही नाही.

त्या दिवसानंतर, करोनाचा काळ सोडला तर, मी चार वर्षं रोज गाडी चालवली. म्हणजे त्या प्रसंगाने गाडी सुटली असं म्हणायची सोय नाही. पण गाडीत बसलो की जबडा आवळला जातो, समोरच्याला शिवी येते, दुचाकीवरची बाई जरा डुलली तरी "घरी बसा" असं तोंडातून जातं, हे माझ्या लक्षात यायला लागलं. स्टेशनवर मेट्रोतून उतरणारा मी आणि तो गाडीतला मी एकच, हे मला पटवून घ्यावं लागतं. मेट्रो आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं ते यामुळे.

आता स्टेशनबाहेर हात करून रस्ता मी ओलांडतो. एका आठवड्यात कोण थांबतं ते मोजलं. दहात दोन. त्यातला एक हटकून रिक्षावाला, आणि त्यालाही मी गिऱ्हाईक वाटलेलो असतो. दरवर्षी ११ डिसेंबरला आपली महापालिका पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद असतो, रांगोळ्या काढतात, वाजंत्री असते. उरलेले दिवस फुटपाथवर दुचाकी चढवायच्या. आपल्याकडे गणपतीला सगळा लक्ष्मी रस्ता दीड दिवस माणसांचा होतो तेव्हा कुणाचं काही अडत नाही, एवढंच म्हणतो.

गाडी सोडलेल्या पुरुषाला आपल्याकडे जागा नाही, हेही या काळात कळलं. बायको चालवते आणि मी डाव्या सीटवर बसतो. पंपावरचा पोरगा तिच्याकडे न बघता माझ्या खिडकीशी येऊन विचारतो, "साहेब, किती टाकू?" चौकात पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली तर लायसन्स मला मागतो. पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेलो, तिने खंबाटकी घाट उत्तम चढवला, आणि मांडवाच्या दारात मामा म्हणाले, "काय रे, बरं नाही का तुला?" मी म्हटलं, बरा आहे. "मग हात दुखतोय का?" शेवटी त्यांनी तिला कौतुकाने सांगितलं, "सूनबाई, धाडसी हो तुम्ही." ती २०१० पासून गाडी चालवते. गाडी घेतली तेव्हा शोरूममधून घरी आणली तीसुद्धा तिनेच, कारण मला फुलांच्या हारामधून समोरचं दिसत नव्हतं.

असे किस्से मी रंगवून सांगायचो आणि मला वाटायचं, मी फारच पुढारलेला नवरा आहे. डायरीतलं ते कोरं पान दिसेपर्यंत.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. जुलै २०२३ पासून आजपर्यंत मीटर १२,४३० ने पुढे गेलेलं. त्यातली माझी चालवणी किती? आठवून आठवून लिहिली. २०२४ मध्ये नऊ वेळा, २०२५ मध्ये सहा. बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत किंवा मंडईत गणपती आणायला. सगळं ओढूनताणून चारशे किलोमीटर. "बाकीचे बारा हजार कुठे गेले?" मी विचारलं. माझा स्वर ऑडिटरचा असावा, कारण तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"तळेगाव," ती म्हणाली.

सासूबाई तळेगावला असतात. दोन्ही गुडघे बदललेत. मीही जातो तळेगावला, लोकलने, शिवाजीनगरहून बसतो, वाचत जातो, चांगलं वाटतं. पण सासूबाईंना लोकलने तपासणीला नेता येत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, तांदळाची पिशवी लोकलमध्ये चढत नाही. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा, जाऊन-येऊन सत्तरच्या वर किलोमीटर. मग लेकीला पहाटे तीन वाजता विमानतळावरून आणणं. माझ्या आईला दोनदा रात्री दवाखान्यात नेणं; त्यातल्या एका रात्री मी मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला वाटत होतं, नेतोय मी. सातारा, कोल्हापूर. गॅस सिलेंडर संपला तेव्हा माझ्या बहिणीकडून आणलेला. दिवाळीत माझ्या ऑफिसातल्या लोकांना वाटायचे फराळाचे डबे, तेही तिने पोचवले होते. मी त्या दिवशी मेट्रोने गेलो होतो, हात मोकळे ठेवून.

"आणि पेट्रोल भरल्याचं लिहिलं का नाहीस?"

"तुझी डायरी आहे ती."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मला अजून नीट गिळता आलेली नाही. तिलाही गाडी चालवायला आवडत नाही. पहिल्यापासून नाही. अ‍ॅक्टिव्हा आवडते, गाडी नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत गेले की तिचे तळवे ओले होतात. "तू सोडलीस तेव्हा मी पण सोडणार होते," ती म्हणाली, "पण तू आधी सांगितलंस."

माझ्यापुरतं सांगायचं तर, मी गाडी सोडली नव्हती. चालवायचं सोडलं होतं. आमच्या घराला गाडी लागतच होती, फक्त तिचं सुकाणू धरायला दुसरं माणूस होतं आणि ते माणूस पगारी नव्हतं. पर्यावरणाची वाहवा मात्र माझ्या खात्यावर जमा होत होती.

एजंटचा दोन दिवसांनी फोन आला. डायरीमुळे त्याचा मीटरवर विश्वास बसला होता, भाव बरा देत होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "काका, चालवत नाही म्हणता, मग ठेवताय कशाला?" मी म्हटलं, घरात चालवतात.

नवी नंबरप्लेट बसवून घेतली. प्लेट बसवायच्या केंद्रावर गाडी मी नेली, कर्वे रस्त्यावरूनच, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता. मागचे हॉर्न वाजवत होते. तळेगावचंही ठरवलं आहे: महिन्यातली एक फेरी माझी. दोन झाल्या. पहिल्या फेरीला देहूरोडपर्यंत माझा जबडा दुखायला लागला होता, दुसऱ्या फेरीला सोमाटणे फाट्यापर्यंत टिकला. सासूबाई मागच्या सीटवर वॉकर धरून बसतात आणि कुणी हात केला की माझ्याआधी त्याच सांगतात, "थांबा हो जरा, माणूस आहे."

डायरीत मी एक रकाना वाढवला आहे, "कोणी चालवली". ती लिहीत नाही, म्हणून मीटर बघून तिच्याही फेऱ्या मीच लिहितो. गेल्या दोन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. तीनांपुढे माझं नाव आहे, आठांपुढे तिचं.