हिवाळ्यात पोसता येतील तेवढ्याच

वीसेक वर्षं मी पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. दरवर्षी एक तास गॅरेट हार्डिन यांच्या १९६८च्या लेखाचा असे. कुरण सर्वांचं असलं की जो तो आपली आणखी एक गाय त्यात सोडतो. फायदा त्याचा एकट्याचा, झीज सगळ्यांची. शेवटी कुरण उजाड. मुलांना हे लगेच पटायचं. मलाही पटायचं, कारण आमच्या गावचं गायरान उजाड होताना मी पाहिलं होतं.

या लेखाला उत्तर म्हणून ज्या गावाचं नाव नेहमी घेतलं जातं, ते स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल. निवृत्तीनंतर मुलीकडे झुरिकला गेलो, तेव्हा ते बघायचं ठरवलं. व्हिस्पला रेल्वेतून उतरलो आणि पिवळ्या पोस्टबसने वळणं घेत पंधराशे मीटर उंचीवर पोचलो. उन्हाने काळी पडलेली लाकडी घरं एकमेकांना चिकटून उतारावर उभी. धान्याची कोठारं लाकडी पायांवर, आणि प्रत्येक पायावर दगडाची गोल चकती, उंदीर वर चढू नयेत म्हणून. आल्प्स म्हटलं की आपल्याला ओली हिरवळ आठवते. हा भाग मात्र चहूबाजूंच्या उंच शिखरांमुळे पर्जन्यछायेत येतो. देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. म्हणून वरच्या ओढ्यांचं पाणी पाटांनी आणायचं आणि पाळी लावून वाटायचं. माण-खटावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात इथे राहून अभ्यास केला. चर्चची जन्म-मृत्यूची दप्तरं आणि जुने करार त्याने वाचून काढले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात तो अभ्यास वापरला. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १४८३ साली टोर्बेलच्या लोकांनी उंचावरची कुरणं, जंगल आणि पडीक जमीन कशी वापरायची याचा लेखी करार केला. शेतं, बागा, गवताची रानं ज्याची त्याची. कुरण आणि जंगल मात्र सामाईक. १५१७च्या नियमात सगळं सार आहे: हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसता येतात, त्याहून जास्त कुणी उन्हाळ्यात वर पाठवायच्या नाहीत. वर जाताना गायी मोजल्या जात. नियम मोडला तर दंड, आणि दंड वसूल करणाऱ्याला त्यातला निम्मा वाटा. उन्हाळ्याअखेर चीज गायींच्या हिशेबाने वाटलं जाई. जळणासाठी झाडं तोडायची तर आधी खुणा करायच्या, मग चिठ्ठ्या टाकायच्या.

या नियमाचं मला वर्गातही कौतुक वाटायचं. हिवाळ्यात गाय महिनोन् महिने गोठ्यात. तिला लागणारं गवत स्वतःच्या रानातूनच कापून आणायचं. ते किती आहे हे शेजाऱ्याला नुसतं बघून कळतं. चांगुलपणावर काहीच सोडलेलं नाही, म्हणून तर तो नियम शतकानुशतकं टिकला.

मी उतरलो होतो त्या घराची मालकीण सत्तरी ओलांडलेली. तिच्या घराचा खालचा मजला चुलतभावाचा होता. वाटण्या होता होता इथे मजलेसुद्धा वाटले जातात, हे ऐकून मला हसू आलं, तिलाही. संध्याकाळी मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, ‘‘पूर्वी ज्याच्याकडे गवताचं रानच नसेल, त्याने काय करायचं?’’

‘‘लग्न करायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर गाव सोडायचं.’’

नेटिंगच्या पुस्तकात हे आहेच. उशिरा होणारी लग्नं, कायम अविवाहित राहिलेली माणसं, बाहेर पडलेले तरुण. बाहेरच्याने इथे जमीन विकत घेतली तरी त्याला कुरणात हक्क नव्हता. मी हे वाचलं होतं, मुलांना मात्र कधी सांगितलं नव्हतं. बसून ऐकणाऱ्याला एकच नियम दिला की तास नीट संपतो.

आमच्या गायरानात दोन भूमिहीन कुटुंबं ज्वारी करायची. दादा तेव्हा सरपंच होते. ‘गायरान सर्वांचं आहे’ असा ठराव झाला आणि त्यांना उठवलं. मी कॉलेजात होतो; ठरावाची शुद्ध प्रत माझ्या अक्षरातली. त्यानंतर तिथे चरली ती ज्यांच्या घरी कडब्याच्या गंजी होत्या त्यांचीच गुरं, म्हणजे मुख्यतः आमची. दहा वर्षांत तिथे गवताची काडी उरली नाही. हार्डिन शिकवताना मी हेच उदाहरण द्यायचो. फक्त गुरं कुणाची ते सांगायचो नाही.

टोर्बेलचा नियम आमच्याकडे असता तर गायरान वाचलं असतं, याबद्दल मला शंका नाही. ती दोन कुटुंबं मात्र त्या नियमानेही उठलीच असती. कडबा त्यांच्याकडे कुठे होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाटेने बराच चढलो. आता गावातली बरीच माणसं कामाला खाली व्हिस्पकडे जातात, तरी गवत अजून कापलं जातं. एक जण उभ्या उतारावर ते ओढत होता. त्याने हात केला, मीही केला.

दादांना जाऊन नऊ वर्षं झाली. ती कुटुंबं पुण्याला गेली एवढं ऐकून आहे. कुठल्या वस्तीत, ते मी कधी विचारलं नाही.