खरकागदाचा ‘ळ’

हिंदीच्या प्रचलित वर्णमालेत ‘ळ’ नाही, ही गोष्ट मी पुस्तकांतून वाचली होती आणि वर्गांतून अनेकदा सांगितलीही होती. तिचा अर्थ मात्र वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, लखनौला लेकीच्या घरी राहायला गेल्यावर कळला. माझी चार वर्षांची नात शाळेला ‘शाला’ म्हणे, काळ्या मांजराला ‘काला’ म्हणे; आणि तिला हवे असे केळे, पण ती मागे ‘केलं’.

मी तिला दुरुस्त करीत असे, प्रत्येक वेळी. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका, प्रबंध आणि इतरांची पुस्तके वाचण्यात गेलेल्या बाईला दुसरे काय सुचणार? चूक दिसली की समासात खूण करायची, हा आता हाताचाच नव्हे तर जिभेचाही धर्म झाला होता. परिणाम दोन महिन्यांत दिसला. नात माझ्याशी हिंदीत बोलू लागली. प्रथम मराठी वाक्यांच्या मधे हिंदी वाक्ये येऊ लागली, मग नुसती हिंदीच. ‘आजी’ची मी ‘नानी’ झाले. त्या शब्दात माया कमी होती असे नाही. पण या एवढ्याशा मुलीने काही ठरवले आहे आणि त्याला कारण मी आहे, हे मला उमगले.

त्याच हिवाळ्यात तिच्या बालवर्गात बसण्याचा योग आला. या शहरात ‘मॉन्टेसरी’ हे नाव नवे नाही. १९५९ साली पाच मुलांनिशी निघालेली सिटी मॉन्टेसरी स्कूल पुढे जगातील सर्वाधिक विद्यार्थिसंख्येची शाळा म्हणून नोंदली गेली. मी सांगते तो वर्ग मात्र तिथला नव्हे. एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भरणारा, वीस-बावीस मुलांचा. दाट धुक्याच्या दिवसांत नातीला पोचवून लगेच परत फिरणे मला अवघड जाई, म्हणून तिथल्या दीदींनी मला कोपऱ्यात एक खुर्ची दिली. अट एकच होती : बोलायचे नाही.

पहिल्याच दिवशी नातीने लाकडी दट्ट्यांचा ठोकळा उचलून आणला. दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, जाडीने उतरत गेलेले. तिने एक बारीक दट्टा मोठ्या भोकात टाकला. माझ्या ओठांवर शब्द आला. अट आठवून मी तो गिळला. दीदी पाहत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. खेळ पुढे सरकला आणि अखेर एक जाड दट्टा उरला, ज्याला जागाच नव्हती. नातीने तो फिरवून पाहिला, दाबून पाहिला, मग ठोकळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. नंतर तिने सगळे दट्टे बाहेर काढले आणि पुन्हा आरंभ केला. तिला कोणी ‘चुकलीस’ म्हटले नव्हते. चूक ठोकळ्यानेच दाखवली होती, आणि ठोकळ्याचा राग येत नाही.

रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत १९०७ साली मारिया मॉन्टेसरींनी आपले पहिले बालगृह उघडले. तिथे एका लहान मुलीने हाच खेळ चाळीसहून अधिक वेळा केलेला त्यांनी पाहिला. ती हकिकत मी पूर्वी वाचली होती. तिच्यात मला काही तरी भाबडेपणा वाटला होता. आता वाटत नाही.

दुसऱ्या एका दिवशी एका मुलाच्या हातून पाण्याचा जग कलंडला. दीदींनी एवढेच विचारले, “अब आप क्या करेंगे?” मुलगा गेला, फडके घेऊन आला, फरशी पुसली. लखनौत लहान मुलांनाही ‘आप’ म्हणण्याची जुनी रीत आहे. तिला मी आजवर नुसता शिष्टाचार समजत होते. आपल्या मराठीत मुलाला ‘तू’ म्हणतात, आणि त्यात जवळीक असते. पण त्या ‘तू’च्या आधाराने आपण किती वेळा त्याच्या हातातले काम काढून घेतो!

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्याची उभारणी केली आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने तो बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. महागडी साधने नव्हती, तिथे दगड, बिया, शिंपले हीच साधने झाली. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ची. त्याच वर्षी या लखनौत पंडित भातखंड्यांच्या खटपटीतून मॅरिस म्युझिक कॉलेज सुरू झाले. कैसरबागेवरून जाताना मला या योगायोगाची आठवण होई. भातखंड्यांच्या मराठीतल्या संगीतग्रंथांचे नाव ‘क्रमिक पुस्तकमालिका’. विद्या क्रमाने मांडून ठेवली तर शिकणाऱ्याला ती स्वतःच्या हाताने उचलता येते, ही श्रद्धा दोन्हीकडे एकच.

खरकागदाच्या अक्षरांचा पाठही मी पाहिला. दीदी पुठ्ठ्यावरच्या अक्षरावरून दोन बोटे फिरवीत, आवाज उच्चारीत, मग मुलाला तसे करू देत. पाठाच्या तीन पायऱ्या, सेगँ या फ्रेंच वैद्यापासून चालत आलेल्या : हे ‘म’, ‘म’ कोणता, दाखव, हे काय? तिसऱ्या पायरीवर मूल अडले तर त्याला ‘नाही’ म्हणायचे नाही. पेटी मिटायची, पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी आयुष्यभर थेट तिसऱ्या पायरीवरून प्रश्न विचारीत आले होते.

त्या पेटीत ‘ळ’ नव्हता, असणारही नव्हता. संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून खरकागद आणला. तिथे त्याला ‘रेगमाल’ म्हणतात. मागच्या बाजूवर आखून कापल्यामुळे पहिला ‘ळ’ उलटा आला. मला कोणी सांगावे लागले नाही. दुसरा नीट कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि नातीच्या फळीवर, तिचा हात पोचेल असा ठेवला. बोलले काहीच नाही.

चार दिवस तो तसाच पडून होता. पाचव्या दिवशी ती तो घेऊन आली आणि बोटे फिरवून म्हणाली, “नानी, ये क्या है?” मी माझी दोन बोटे त्यावरून फिरवली आणि नुसता उच्चार केला. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले, जीभ मागे वळवण्याचा प्रयत्न केला, हसली, आणि पुठ्ठा जागेवर ठेवून खेळायला गेली. ‘पुन्हा म्हण’ हे शब्द मी मोठ्या कष्टाने आवरले.

एवढ्याने तिचा उच्चार सुधारला असे सांगता आले असते तर निबंधाला चांगला शेवट मिळाला असता. तसे झालेले नाही. ती अजून ‘शाला’च म्हणते. पण दुपारी घरी आली की दप्तर टाकून माझ्याजवळ बसते आणि ‘आजी’ अशी हाक मारून ‘शालेत’ काय काय झाले ते सांगते. मराठीत सांगते. मी ऐकते.