गुड्डू टेम्पो

२०२१ ची बकरी ईद. कोरोनाचे निर्बंध होते, त्यामुळे नमाजही लोकांनी घरीच पढली होती. दुपारी दार वाजलं. उघडलं तर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी, हातात झाकलेलं भांडं. "अम्मीने हिस्सा भेजी है," म्हणाली. मी भांडं रिकामं करून, धुऊन परत दिलं आणि शिक्षकाच्या सवयीनं विचारलं, "कौनसी क्लास में है बेटा?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "आपकीच क्लास में थी मॅडम. आप निकाल दिए ना मेरेकू."

मी परभणीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. घर झरीत, परभणीहून जिंतूर रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर. त्या वर्षी महाविद्यालय बंद आणि वर्ग ऑनलाइन. घरात रेंज धड मिळायची नाही, म्हणून मी गच्चीवर खुर्ची टाकून शिकवायचे. बी.ए. प्रथम वर्षाच्या यादीत ऐंशी नावं, पडद्यावर जेमतेम वीस-पंचवीस. त्या दिवसांत भलतीच पोरं लिंक मिळवून वर्गात घुसायची, मध्येच गाणी लावायची. म्हणून ज्याची ओळख पटत नाही त्याला वर्गात ठेवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

एक दिवस वर्गात 'गुड्डू टेम्पो' नावाचं कुणीतरी आलं. मी दोनदा विचारलं, "कोण आहे? नाव सांगा." उत्तर नाही. काढून टाकलं. पुन्हा आलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा आलं नाही. 'गेला एकदाचा,' असं म्हणून मी धडा पुढे नेला.

गुड्डू तिचा भाऊ. भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो. घरात चांगला फोन तेवढा एकच, आणि तो टेम्पोबरोबर पहाटे निघून रात्री यायचा. त्या दिवशी टेम्पो दुरुस्तीला टाकलेला, म्हणून फोन तिच्या हाती लागला. माइक बिघडलेला. मी नाव विचारलं तेव्हा ती उत्तर टाइप करत होती. सवय नाही, एकेक अक्षर शोधेपर्यंत मी तिला बाहेर काढलं होतं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

तिचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. मी गच्चीवरून जरा मोठ्यानं बोलले असते, तर फोनशिवायही तिला ऐकू गेलं असतं.

त्यानंतर ती वर्गात आली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा घरचे म्हणाले, कॉलेज तर बंदच आहे, पैसे कशाला घालायचे? तिनंही हट्ट धरला नाही. "मॅडमनेच नै बोले तो मैं क्या बोलूँ," एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं.

पुढे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे आले. २०१९-२० मध्ये देशातल्या उच्च शिक्षणात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. २०२०-२१ मध्ये ते १९ लाख २१ हजारांवर आले. एका वर्षात पावणेदोन लाखांहून जास्त मुलं-मुली कमी झाली, आणि तीही एकूण विद्यार्थिसंख्या वाढत असताना. कारणं अनेक असतील. कामधंदे बुडाले, कुटुंबं गावी परतली, लग्नं लवकर उरकली गेली. साधनांचा प्रश्न तर होताच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरांपैकी फक्त पंधराएक घरांत इंटरनेटची सोय होती, आणि संगणक पाच घरांतही नव्हता.

हे सगळं आपण सभांमधून बोलतो. पण ही मुलगी यातले सगळे अडथळे ओलांडून आली होती. त्या दिवशी फोन होता, नेट होतं, लिंक उघडली होती. ती दारापर्यंत पोहोचली आणि दार मी लावलं. हे मी कुठल्या सर्वेक्षणावर ढकलू?

अमेरिकेतले दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय, की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो, त्यावर ते अंतर ठरतं. बी.एड.ला असताना हे मी पाठ केलं होतं. कळलं ते दोन गल्ल्यांच्या अंतरानं.

आपल्याकडे दारात कुणी आलं तर आधी 'या, बसा' म्हणतात, पाणी देतात, मग काम विचारतात. महाविद्यालयातही नव्या मुलीला तसंच सामावून घेतलं जातं, फक्त ते करणारे आपल्या लक्षात येत नाहीत. झरीच्या थांब्यावरून एसटीत बसलेली मुलगी परभणी येईपर्यंत वेळापत्रक, कुठले सर रागावतात, पुस्तकं कुणाकडे जुनी मिळतील, हे सगळं शिकून घेते. गेटवरचे शिपाईमामा वर्ग दाखवतात. बाकावरची शेजारीण पेन देते. ऑनलाइन वर्गात ही सगळी माणसं एकदम गायब झाली. उरली ती लिंक आणि शिक्षक. म्हणजे मामांचं, शेजारणीचं, एसटीतल्या मैत्रिणीचं काम आता शिक्षकाला करावं लागतं. मी ते केलं नव्हतं. मी फक्त हजेरी घेत होते.

त्या ईदनंतर मी काही साध्या गोष्टी सुरू केल्या. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकीला आणि प्रत्येकाला दोन मिनिटांचा फोन. तीनच प्रश्न: फोन कुणाचा आहे, तुझ्या हातात तो कधी असतो, आणि पडद्यावर नाव काय दिसेल? उत्तरं वहीत लिहून ठेवते. बऱ्याच जणींचा फोन रात्री आठनंतर मोकळा होतो असं दिसलं, म्हणून आठवड्यातून एक तास रात्री साडेआठला ठेवला. धड्याचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, ते कमी नेटमध्येही उतरतं. पाच-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला वरच्या वर्गातली एक मुलगी जोडून दिली, कारण पोरं मला विचारत नाहीत ते तिला विचारतात. लागोपाठ दोनदा कुणी दिसलं नाही तर फोन करते. तेव्हा 'का आली नाहीस?' असं विचारत नाही, 'बरी आहेस ना?' असं विचारते. आणि अनोळखी नाव दिसलं तर बाहेर काढत नाही. "सलाम, नमस्कार, बसा," म्हणते आणि वाट पाहते. टवाळ पोरगा असेल तर कळतंच. पण विद्यार्थी असेल तर त्याला एकेक अक्षर शोधायला वेळ मिळतो.

आता महाविद्यालय भरतं, पण ऑनलाइन शिक्षण काही गेलेलं नाही. सरकारच्या 'स्वयम्' मंचावर २०१७ पासून अभ्यासक्रम आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून घरोघरी शिक्षण नेतंय. ज्या मुलींना रोजचा प्रवास परवडत नाही किंवा घरून परवानगी नाही, त्यांच्यासाठी हा रस्ता खरोखर मोठा आहे. मात्र प्रवेशाची पावती हातात आली म्हणजे प्रवेश झाला, असं होत नाही. कुणीतरी 'ये' म्हणावं लागतं.

हे फक्त शिक्षकाचंच काम आहे असंही नाही. तुमच्या मोहल्ल्यात, वाडीत अशी एखादी मुलगी किंवा मुलगा नक्की असेल. तुमच्या घरी वायफाय असेल तर आठवड्यातून दोन तास ओसरी उघडी ठेवा. फॉर्म भरून द्या. शेवटची तारीख लक्षात ठेवून आठवण करा. जकात-सदक्याच्या पैशातून एखाद्याची फी भरता, तर फी भरल्यावर महिन्यानं 'अभ्यास कुठवर आला?' एवढंही विचारा.

तिनं २०२२ मध्ये मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. फॉर्म भरायला मी बरोबर बसले होते. रविवारी दुपारी ती आमच्या ओसरीवर यायची, पुढे आणखी तिघी यायला लागल्या. फोन अजून गुड्डूचाच होता. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "चल, आधी तुझं नाव बदलून घेऊ पडद्यावर."

"रहने दो ना मॅडम," ती हसली. "अब तो आपको मालूम है, गुड्डू टेम्पो कौन है."