न दिसणारी वेस

डब्लिनच्या कॉनोली स्टेशनातून बेलफास्टला जाणाऱ्या गाडीचं नाव ‘एंटरप्राइज’. १९४७ पासून ती या मार्गावर धावते आहे. ड्रॉहेडाला बॉइन नदीवरच्या उंच पुलावर ती आली की प्रवासी माना वळवून खाली बघतात. याच नदीच्या काठी, थोडं वरच्या अंगाला, १६९० मध्ये इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजे लढले होते. प्रोटेस्टंट विल्यम जिंकला, कॅथलिक जेम्स हरला, आणि त्या विजयाच्या मिरवणुका उत्तर आयर्लंडात अजून दर जुलैला निघतात. पुढे डंडॉक येतं. डंडॉक सुटलं की टेकड्या जवळ सरकतात, आणि न्यूरी यायच्या आत कुठेतरी गाडी एका देशातून दुसऱ्या देशात, म्हणजे आयर्लंडमधून ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडात शिरते.

नेमकं कुठे, ते कळत नाही. फाटक नाही, झेंडा नाही, पासपोर्ट मागायला कुणी डब्यात येत नाही. मोबाईलवर कंपनीचा निरोप येतो, तेवढीच काय ती खूण. रस्त्याने जाणाऱ्याला आणखी दोन खुणा सापडतात. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर येतात आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते.

स्वित्झर्लंड-पॅरिस करून आलेल्या मराठी माणसाला हा प्रवास सुरुवातीलाच एक धक्का देतो. खिशातला शेंगेन व्हिसा डब्लिनला चालत नाही. आयर्लंड १९७३ पासून युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात आहे, तिथे युरो चालतो, तरीही ज्या २९ देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी उठवली त्यांत आयर्लंड नाही. ही व्यवस्था लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाच्या नावाने ओळखली जाते. १४ जून १९८५ रोजी तिथे मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी पहिल्या करारावर सह्या केल्या होत्या.

आयर्लंड बाहेर राहिला त्याचं कारण ब्रसेल्समध्ये नाही, न्यूरीच्या या टेकड्यांमध्ये आहे. आयरिश स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९२० च्या दशकात, ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात एक अलिखित समजूत झाली. दोन्हीकडच्या नागरिकांनी एकमेकांकडे पासपोर्टाशिवाय जावं-यावं, राहावं, काम करावं. दुसऱ्या महायुद्धात ती स्थगित झाली आणि १९५२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिला ‘सामाईक प्रवासक्षेत्र’ म्हणतात. ब्रिटन शेंगेनमध्ये यायला तयार नव्हता. आयर्लंड एकटा गेला असता तर ही सीमा शेंगेनची बाहेरची सीमा झाली असती, आणि तिथे पहारा बसवावा लागला असता. म्हणून १९९७ च्या ॲमस्टरडॅम तहात दोघांनीही सवलत घेतली. आयर्लंडने मात्र सोबत एक निवेदन जोडलं: हे प्रवासक्षेत्र शाबूत ठेवून जेवढा सहभाग घेता येईल तेवढा आम्ही घेऊ. याला कुंपणावर बसणं म्हणता येणार नाही. घराची एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असली की दार कुठे काढायचं, हे एकट्याने ठरवता येत नाही.

ही भिंत १९२१ मध्ये उभी राहिली. ब्रिटिश संसदेच्या कायद्याने आयर्लंडच्या उत्तरेतल्या सहा काउंट्या, म्हणजे जिल्हे, वेगळ्या काढल्या; त्या ब्रिटनमध्येच राहिल्या. जुन्या काउंट्यांच्या हद्दी शेताच्या बांधासारख्या वळत गेलेल्या, त्याच आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या. जवळपास ५०० किलोमीटरची ही रेघ कुठे शेत कापते, कुठे ओढ्याच्या मधून जाते. पेटिगो गाव तर नदीच्या दोन काठांवर दोन देशांत विभागलं गेलं. एप्रिल १९२३ मध्ये जकातीच्या चौक्या आल्या आणि पाठोपाठ लोण्याची चोरटी ने-आणही आली. मे १९७१ मध्ये याच रेल्वेने डब्लिनच्या काही स्त्रिया बेलफास्टला गेल्या. आयर्लंडमध्ये विक्रीला बंदी असलेली गर्भनिरोधकं त्यांनी तिथे विकत घेतली आणि परत येऊन कॉनोली स्टेशनात जकात अधिकाऱ्यांसमोर उघडपणे दाखवली. अधिकाऱ्यांनी त्यांना जाऊ दिलं.

पण चौकी नेहमी इतकी सौम्य नसते. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरीच्या जकात कार्यालयात बॉम्ब फुटला. नऊ माणसं गेली. त्यांत बॉम्ब घेऊन आलेले तिघेही होते. त्यानंतर ४६ वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याची, बोलणी अडली असताना आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर युरोपीय नेत्यांच्या जेवणाला गेले, ते ‘आयरिश टाइम्स’चा अंक सोबत घेऊनच. अंकात याच स्फोटाची हकिकत होती. सीमेवर पुन्हा चौकी बसली तर काय होऊ शकतं, हे त्यांना समोरच्यांना दाखवायचं होतं. वराडकरांच्या वडिलांचं गाव वराड, तालुका मालवण. कोकणातलं हे आडनाव युरोपच्या सर्वांत हळव्या सीमेच्या इतिहासात असं लिहिलं गेलं.

न्यूरीहून वॉरनपॉइंटकडे जाणारा रस्ता पाण्याच्या कडेने जातो. वाटेत नॅरो वॉटर नावाचा जुना दगडी मनोरा लागतो. पाणी इथे नावाप्रमाणेच अरुंद आहे. पलीकडची झाडं वेगवेगळी ओळखू येतात, आणि ती झाडं दुसऱ्या देशात आहेत. २७ ऑगस्ट १९७९ रोजी या रस्त्यावर आयआरए या आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने पाठोपाठ दोन बॉम्ब उडवले. १८ ब्रिटिश सैनिक मेले. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावर मुलाघमोरला भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट उडवली गेली होती. नॅरो वॉटरचे बॉम्ब पलीकडच्या तीरावरून रेडिओच्या साह्याने फोडले गेले. मारणारे एका देशात आणि मेलेले दुसऱ्या देशात, मग तपास कुणी करायचा? या हत्याकांडासाठी आजपर्यंत कुणालाही शिक्षा झालेली नाही.

सीमेपलीकडच्या पोलिसांशी सहकार्य हे शब्द सरकारी कागदावर रुक्ष वाटतात. या काठावर उभं राहिलं की त्यांचं वजन कळतं. हा हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर डोंगरांवरचे लष्करी टेहळणी मनोरे उतरवले गेले. लष्कराने स्फोट करून उखडलेले रस्ते गावकऱ्यांनी भर घालून आधीच खुले करायला घेतले होते. चौक्या गेल्या, पण गुन्हेगार गेले नाहीत, म्हणून आयर्लंडने शेंगेनचा पोलिसी भाग तेवढा स्वीकारला. १५ मार्च २०२१ पासून आयरिश पोलिस, म्हणजे ‘गार्डा’, शेंगेनच्या सामाईक माहितीजाळ्याला जोडले गेले. पोलंडमध्ये चोरलेली गाडी, इटलीत हरवलेलं मूल, जर्मनीला हवा असलेला आरोपी, यांची नोंद डंडॉकच्या शिपायालाही दिसते. आणि त्याच्या अडीच महिने आधी ब्रेक्झिटमुळे ब्रिटन त्याच जाळ्यातून बाहेर पडला होता. वीसेक किलोमीटरवरच्या न्यूरीतल्या पोलिसाला आता ते उघडता येत नाही. रेघ जमिनीवरून पुसली, ती संगणकात उमटली.

ती पासपोर्टातही आहे. डब्लिनच्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या मराठी तरुणाला रविवारी बेलफास्ट बघायला जावंसं वाटलं तर वाटेत अडवणारं फाटक नाही. पण आयर्लंडचा रहिवासी परवाना उत्तरेत चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. नकळत सीमा ओलांडली तरी तो प्रवेश बेकायदाच. भारतातून थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना मात्र गेल्या दशकापासून एक सोय आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्ही देश पाहता येतात. अट अशी, की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं.

परतीचा प्रवास बसने केला तर कधी कधी सीमा ओलांडल्यावर बस कडेला थांबते आणि एक गार्डा आत चढतो. रोज असं होत नाही. पुढच्या बाकांवरच्या लोकांशी तो दोन शब्द बोलतो, त्यांच्या बोलण्याच्या ढबीवरूनच त्याचं समाधान होतं आणि तो पुढे सरकतो. सावळ्या चेहऱ्याच्या प्रवाशापाशी त्याचा हात पासपोर्टासाठी पुढे येतो. पानं उलटली जातात, व्हिसावरची चार अक्षरं बोटाखाली येतात, पासपोर्ट परत मिळतो. एवढ्यात शेजारची आजी जागीही झालेली नसते. गार्डा उतरतो, दार बंद होतं, आणि काचेबाहेर रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पळू लागते.